फ्लॉइड कार्डोझसारखं व्हायचंय म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सावंतवाडीची, मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला. कॅम्पसमधून एका पंचतारांकित हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा स्वयंपाकी, म्हणून नोकरी मिळाली आहे, पगार बेताचा. दुसरीकडे एक कंपनी तिचे रेसिपीचे व्हिडिओ करायला तयार आहे आणि तिथे पैसे जवळजवळ दुप्पट. ती विचारते, ‘मला फ्लॉइड कार्डोझसारखं सेलिब्रिटी शेफ व्हायचंय, तिशीच्या आत स्वतःचं रेस्टॉरंट काढायचंय. यातलं काय निवडू?’

मी एकतीस वर्षं या धंद्यात आहे. बारा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत, चार क्रूझ जहाजावर, आणि गेली पंधरा पुण्यात स्वतःचं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तू नाव चांगलं निवडलंस. पण ज्याचं नाव घेतलंस त्याची वर्षं एकदा मोजून बघ. फ्लॉइड कार्डोझ यांचा जन्म 1960 चा, मुंबईचा, घरचं मूळ गोव्याचं. आधी ते बायोकेमिस्ट्री शिकले. मग हॉटेलजगतावरची एक कादंबरी वाचली आणि वाट बदलली. मुंबईत हॉटेलचं शिक्षण, पुढे स्वित्झर्लंडमधलं ले रोश हे हॉटेलचं कॉलेज, आणि मग न्यूयॉर्क. ज्या रेस्टॉरंटने त्यांचं नाव झालं ते ‘तबला’ 1998 मध्ये उघडलं. तेव्हा ते 38 वर्षांचे होते. टीव्हीवरची स्पर्धा जिंकली 2011 मध्ये, पन्नाशीत. मुंबईत ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झालं 2015 मध्ये, म्हणजे 54 व्या वर्षी. तुझी तिशीची अट त्यांना लावली असती, तर आज त्यांचं नाव तुझ्या कानावर आलंच नसतं.

मधल्या काळात ते काय करत होते, ते तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते दुसऱ्याच्या किचनमध्ये काम करत होते. मॅनहॅटनमध्ये सेंट रेजिस हॉटेलात लेस्पिनास नावाचं रेस्टॉरंट होतं, त्याचे शेफ ग्रे कुन्झ. तुमच्या कॉलेजच्या किचनमध्ये सॉस घालायला खोलगट, आखूड दांड्याचा जाड चमचा असेल बघ. जगभरचे शेफ त्याला ‘कुन्झ स्पून’ म्हणतात, तो याच माणसाच्या नावाचा. कुन्झ मूळचे स्विस, पण वाढले सिंगापूरमध्ये. त्यामुळे आलं, लेमनग्रास, चिंच या चवी त्यांना पाहुण्या नव्हत्या. न्यूयॉर्क टाइम्सने या रेस्टॉरंटला चार तारे दिले होते, त्यांच्याकडे त्याहून वरचा दर्जाच नाही. अशा किचनमध्ये कार्डोझ खालच्या जागेवरून चढत सू शेफपर्यंत, म्हणजे मुख्य शेफच्या उजव्या हातापर्यंत गेले. वय तिशीच्या पुढे, हातात परदेशी डिप्लोमा, आधीच्या नोकऱ्यांचा अनुभव, आणि तरी दुसऱ्याच्या हाताखाली रोज तेच काम पुन्हा पुन्हा करायचं. हे सोसतं त्यालाच पुढचं काही मिळतं, असं मी म्हणणार नाही. खूप जण सोसतात आणि तिथेच राहतात. पण ‘तबला’च्या ताटात जे आलं ते लेस्पिनासशिवाय आलं नसतं, हे कुठलाही स्वयंपाकी ते जेवण बघून सांगेल.

का, ते जरा उलगडून सांगतो, कारण हे तुला वर्गात कोणी सांगणार नाही.

आपल्या हॉटेलांतलं इंडियन किचन बेस ग्रेव्हीवर चालतं. कांद्या-टोमॅटोची ग्रेव्ही, काजू-मगजची पांढरी, मखनी, पालकाची हिरवी. सकाळी मोठ्या पातेल्यांत तयार होतात आणि रात्री केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आली की त्यातलीच एक पळीभर कढईत पडते. त्यात चिकन गेलं की एक डिश, पनीर गेलं की दुसरी, कोळंबी गेली की तिसरी. मी स्वतः दोन वर्षं रोज साठ किलो कांदा परतलाय, त्या पद्धतीला नावं ठेवायला बसलेलो नाही. तीनशे लोकांचं जेवण वेळेवर आणि रोज एकाच चवीचं द्यायचं, तर ही पद्धत लागते. पण तिची किंमत अशी की पापलेट असो की मशरूम, जीभ आधी ग्रेव्ही ओळखते आणि मग जमलं तर मासा. परदेशातली बहुतेक भारतीय रेस्टॉरंटं याच ग्रेव्हींवर उभी होती, म्हणून तिथल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात भारतीय जेवण म्हणजे स्वस्त, तेलकट आणि एकाच रंगाचं.

फ्रेंच किचन उलट्या बाजूने सुरुवात करतं. आधी मासा हातात घ्यायचा. तो किती जाड आहे, चरबी किती, कातडी ठेवायची की काढायची, आतून किती शिजवायचा. मग त्याला लागेल तेवढाच सॉस, त्याच माशाच्या काट्यांच्या स्टॉकमधून आटवलेला. कार्डोझ यांनी ही शिस्त उचलली आणि तिच्यात आपला मसाला आणला. वाइनच्या आंबटपणाच्या जागी कोकम किंवा चिंच. लोण्याच्या जोडीला नारळाचं दूध. मोहरी, धणे, मिरी कधी अख्खे, कधी ओबडधोबड कुटून, म्हणजे प्रत्येक मसाला वेगळा लागेल. न्यूयॉर्कच्या शेतकरी बाजारात त्या मोसमात जे मिळेल ते मुख्य, आणि मसाला त्याच्या सोबतीला. सावंतवाडीच्या मुलीला हे नवीन वाटू नये. तुझ्या घरी बांगड्याचं तिखलं आणि सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी यांचं वाटण एक नसतं, आणि तिरफळ कशात घालायचं, कशात नाही, हे आईला तोंडपाठ असतं. घरचा स्वयंपाक बेस ग्रेव्हीवर चालत नाही. हॉटेलांनी ते विसरायला लावलं, आणि कार्डोझ यांनी एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये ते परत आणलं.

आता रेस्टॉरंटबद्दल. ‘तबला’ मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर, मेट्रोपॉलिटन लाइफच्या जुन्या भव्य इमारतीत होतं. वर मुख्य डायनिंग रूम, खाली ‘ब्रेड बार’, तिथे तंदूर आणि रोझमेरी घातलेला नान. गोव्याच्या मसाल्यातले क्रॅब केक ही तिथली नावाजलेली डिश. 1999 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायशल यांनी तीन तारे दिले. भारतीय चवीच्या जेवणासाठी ती तेव्हा फार मोठी गोष्ट होती. पण एक गोष्ट नीट लक्षात घे. ही जागा कार्डोझ यांनी भाड्याने घेतली नव्हती, कर्ज त्यांनी काढलं नव्हतं. मालक होते डॅनी मायर. त्यांच्यामागे 1985 पासूनच्या युनियन स्क्वेअर कॅफेचा आणि 1994 पासूनच्या ग्रामर्सी टॅव्हर्नचा अनुभव होता. भाडेकरार, गुंतवणूक, फ्लोअरवरची माणसं, सर्व्हिसचं प्रशिक्षण हे सगळं त्यांच्या कंपनीकडे. शेफ आणि रेस्टॉरंटमालक हे दोन वेगळे धंदे आहेत. एकाच माणसात दोन्ही असलेली माणसं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली आहेत.

आणि तरीही 2010 च्या शेवटी ‘तबला’ बंद झालं. बारा वर्षं चाललं, तारे मिळाले, लोकांनी प्रेम केलं, आणि बंद झालं. त्याच इमारतीत, 1998 मध्येच, त्याच मालकाने शेजारी ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ उघडलं होतं. ते पुढे दुसऱ्या हातात गेलं आणि 2017 मध्ये जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. एक भिंत मध्ये, आणि दोन नशिबं. यात कार्डोझ यांचा स्वयंपाक कमी पडला असं मी कधीच मानणार नाही. ‘तबला’त 280 च्या आसपास खुर्च्या होत्या. रोज रात्री त्या एकदा भरायच्या म्हटलं तरी 280 माणसं हवीत, सोमवारी, फेब्रुवारीच्या बर्फात, मंदीच्या वर्षातसुद्धा. आणि भारतीय जेवणाला एवढे पैसे का द्यायचे, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनातून पूर्ण गेलेला नव्हता. फ्रेंच जेवणाला तो प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्याकडचा ढोबळ हिशेब सांगतो, वहीत लिहून ठेव. शंभर रुपयांच्या बिलात कच्चा माल तीस ते पस्तीस, पगार वीस ते पंचवीस, भाडं पंधराच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग गॅस, वीज, दुरुस्ती, फुटलेल्या प्लेटा, डिलिव्हरी ॲपचं कमिशन, कर्जाचा हप्ता. शेवटी दहा उरले तर दिवाळी चांगली. भाडं पंचवीसवर गेलं की तुझ्या हाताला कितीही चव असू दे, ते रेस्टॉरंट तुझं राहत नाही, जागामालकाचं होतं. माझं पहिलं रेस्टॉरंट असंच गेलं. जागा उत्तम, कोपऱ्यावरची, दर वर्षी भाडं वाढवण्याचं कलम मी वाचून सही केलं होतं, पण पाच वर्षांनी ते किती होईल ते मांडून बघितलं नव्हतं. शनिवारी बाहेर रांग असायची आणि सोमवारी भाजीवाल्याची उधारी. ते कुलूप लावताना मला पहिल्यांदा कळलं की मी पंधरा-सोळा वर्षं स्वयंपाक शिकलो होतो, हा धंदा शिकलोच नव्हतो. आज माझ्याकडे 44 खुर्च्या आहेत आणि त्या वाढवायचा विचारही मनात येत नाही.

कार्डोझ यांची पुढची वाटही सरळ नाही. 2012 मध्ये मायर यांच्याचबरोबर बॅटरी पार्क सिटीमध्ये नॉर्थ एंड ग्रिल उघडलं, तिथे मासे आणि ग्रिल, भारतीय रेस्टॉरंट नव्हतंच ते. 2016 मध्ये सोहोमध्ये स्वतःचं ‘पाववाला’ सुरू केलं. नाव ऐकूनच गोव्याचा सायकलवरून पाव विकणारा पोदेर डोळ्यांपुढे येतो. पण ते अपेक्षेइतकं चाललं नाही. 2018 मध्ये त्याच जागेत, जास्त मोकळंढाकळं असं ‘बॉम्बे ब्रेड बार’ केलं, तेही 2019 मध्ये बंद झालं. या बंद पडलेल्या दारांबद्दल मी मुद्दाम लिहितोय, कारण तुला ते दिसत नाहीत. टीव्हीवर ट्रॉफी दिसते.

त्या ट्रॉफीबद्दलही बोलू. ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही नावाजलेल्या, मुरलेल्या शेफची स्पर्धा होती. शिकाऊ लोकांची नव्हे. 2011 च्या अंतिम फेरीत कार्डोझ यांनी काय केलं? उपमा. आपलं उप्पीट. रव्याला पोलेंटाची, म्हणजे इटलीतल्या मक्याच्या लापशीची, जवळीक दाखवत, वर रानमशरूम, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. अमेरिकन परीक्षकांपुढे आणि लाखो प्रेक्षकांपुढे त्यांनी लहानपणीच्या नाश्त्याची थाळी ठेवली आणि जिंकले. बक्षिसाचे एक लाख डॉलर माउंट सिनाय रुग्णालयातल्या कर्करोग संशोधनाच्या निधीला गेले. त्यांच्या वडिलांना कर्करोगच झाला होता. ते उप्पीट मला फार जवळचं वाटतं. रवा किती भाजायचा, पाणी किती, गुठळी होऊ न देता किती वेळ ढवळायचं, यातला एकही प्रश्न त्या क्षणी त्यांच्या मनात आला नसेल. तीस वर्षांचा हात होता तो. त्यामुळे डोकं मोकळं राहिलं, आणि आठवण ताटात उतरवता आली.

तुला वाटेल, आपल्याकडे उलटी उदाहरणं आहेतच. संजीव कपूर यांचं ‘खाना खजाना’ 1993 पासून घराघरांत गेलं आणि रेस्टॉरंटं नंतर आली. खरं आहे. पण टीव्हीवर जायच्या आधी ते मुंबईत सेंटॉर हॉटेलचे एक्झिक्युटिव्ह शेफ होते, हे लोक विसरतात. कॅमेऱ्यासमोर त्यांच्या सुरीची जी सहजता दिसायची ती स्टुडिओत आलेली नव्हती. व्हिडिओ करू नकोस असं मी सांगत नाही. माझ्या किचनमधली दोन मुलं सुट्टीच्या दिवशी छान व्हिडिओ करतात. पण आज तुझ्याकडे दाखवण्यासारखं जे आहे ते कॉलेजातलं आणि आईकडचं. कंपनीला दर आठवड्याला तीन व्हिडिओ हवे असतात. सहा महिन्यांत आईकडचं संपेल, आणि मग तू दुसऱ्याच्या रेसिपी वाचून दाखवायला लागशील. करार सही करण्याआधी चॅनेलचं नाव आणि रेसिपी कोणाच्या मालकीच्या राहतील, ते कलम मात्र नक्की वाच.

मुंबईकडे येतो. ‘द बॉम्बे कॅन्टीन’ लोअर परळच्या कमला मिल्समध्ये उघडलं तेव्हा मी पहिल्याच वर्षी जाऊन जेवलो. मेनूत विलिंग्डन क्लबवालं एग्ज केजरीवाल, म्हणजे टोस्टवर चीज, मिरची आणि अंडं, होतं, गुलाबजाम आणि डोनट यांचं लग्न लावून ओल्ड मंक घातलेलं ‘गुलाब नट’ होतं, आणि ज्वारी-बार्लीचं सॅलड होतं. ज्या भाज्या आम्ही हॉटेलवाले स्टाफच्या जेवणात टाकतो, त्या तिथे ताटाच्या मधोमध होत्या. मला त्या दिवशी थोडी लाज वाटली आणि खूप आनंद झाला. इथेही रचना बघ. धंदा सांभाळायला समीर सेठ आणि यश भाणगे. रोजचं किचन थॉमस झकारायस यांच्याकडे, जे न्यूयॉर्कच्या ‘ल बर्नार्दां’ या नामांकित रेस्टॉरंटमध्ये काम करून आले होते आणि देशभर फिरून घराघरांतले पदार्थ शिकत होते. कार्डोझ बहुतेक काळ अमेरिकेत असायचे, वर्षातून काही वेळा यायचे, चव बघायचे, दिशा द्यायचे. आपल्या नावाने चालणारं किचन दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, आणि मेनूत त्याची सही दिसली तर खूश व्हायचं, हे फार थोड्या शेफना जमतं. मी अजून शिकतोय. पुढे 2017 मध्ये बीकेसीत गोव्याच्या जेवणाचं ‘ओ पेद्रो’ आलं, 2020 मध्ये भायखळ्याला ‘बॉम्बे स्वीट शॉप’.

कमला मिल्सचं नाव आलंच आहे तर एक सांगून ठेवतो. डिसेंबर 2017 मध्ये त्याच आवारात एका गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत 14 जण गेले. जागा बघायला जाशील तेव्हा दर्शनी भागाआधी मागचं दार बघ. बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा नसेल, तर ती जागा कितीही स्वस्त असो, घ्यायची नाही. फायर एनओसीचा कागद हातात असणं आणि जिना खरोखर रिकामा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्च 2020 च्या सुरुवातीला कार्डोझ मुंबईत होते, स्वीट शॉप नुकतंच उघडलं होतं. अमेरिकेत परतले, आजारी पडले, आणि 24 मार्चला न्यू जर्सीत कोविडने गेले. वय 59. त्याच संध्याकाळी आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली. ती बातमी मी माझ्या रिकाम्या डायनिंग रूममध्ये, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना वाचली. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांचे गुरू ग्रे कुन्झही गेले होते.

पण किचनचा हिशेब पुढे चालू राहिला. ‘तबला’त शिकलेले डॅन क्लुगर न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आले. पत्नी बरखा यांनी कार्डोझ यांच्या नावाचे मसाले बाजारात आणले. मुंबईच्या किचनची सूत्रं हुसेन शहझाद यांच्याकडे आली. त्यांनी आणि भागीदारांनी 2024 मध्ये वांद्र्याला ‘पापाज’ उघडलं. टीममध्ये सगळे कार्डोझ यांना ‘पापा’ म्हणायचे, त्यावरून ते नाव. त्यात फक्त 12 खुर्च्या आहेत.

तर तुझ्या प्रश्नावर. नोकरी घे. सुरुवातीला सहा महिने कांदा, लसूण आणि फ्रिज साफ करणं येईल, दोन तुकड्यांच्या ब्रेक शिफ्टमध्ये दुपारी घरी जाताही येणार नाही आणि झोपताही येणार नाही. पाय सुजतील, चांगले बूट घे, त्यात पैसे वाचवू नकोस. पहिल्या वर्षानंतर बदली मागायची वेळ आली की बॅन्क्वेट, म्हणजे पार्ट्यांचं किचन, मागू नकोस, सॉस किंवा फिश सेक्शन माग, आणि त्यासाठी रोज शिफ्टच्या अर्धा तास आधी जाऊन त्या सेक्शनच्या शेफ द पार्टीला, म्हणजे सेक्शन सांभाळणाऱ्या शेफला, हात दे. दुसऱ्या वर्षापासून स्टोअरच्या माणसाशी दोस्ती कर आणि मालाचे भाव रोज एका छोट्या वहीत लिही: कोळंबीचा, क्रीमचा, कोथिंबिरीच्या जुडीचा, पावसाळ्यातला आणि मे महिन्यातला. सुट्टीत घरी गेलीस की आईच्या आणि आजीच्या वाटणांची मापं वजनकाट्यावर घे, मूठ आणि चिमूट यांचे ग्रॅम कर. तिरफळ किती, खोबरं किती भाजलेलं, कोकम कुठल्या क्षणी घातलं. हे काम आत्ताच कर, आजी आहे तोवर.

आणि जॉइन व्हायला जाशील तेव्हा स्वतःची आठ इंची सुरी घेऊन जा. दांड्यावर नाव कोरून घे, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी उचलून नेतं. धार लावायचा दगड बॅगेत ठेव आणि शिफ्ट संपल्यावर रोज पाच मिनिटं लाव.